एकोणीस आणि एक पाहुणा

कट्टीमनीसाहेबांना मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं मोजताना पाहिलं आहे. पानात गरम बुंदी पडलेली, वाढपी मठ्ठा घेऊन उभा, आणि साहेब मान न हलवता नुसत्या बुबुळांनी समोरची रांग मोजतायत. सतरा, अठरा, एकोणीस. एकोणिसावर बुबुळं थांबायची. पुढच्या माणसापासून पुन्हा एक. त्या जागी नवऱ्या मुलाचा सख्खा मामा बसलेला असला तरी साहेबांच्या लेखी तो दुसऱ्या पंगतीतला पहिला.

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना होता. तिथे ते हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट. मी कामाला लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शालिनी, एक ध्यानात ठेव. वीस म्हणजे विष."

मी मान डोलावली. त्या काळी मी कशालाही मान डोलवायची. नुकतंच लग्न झालेलं, अंबाडा घालायला शिकत होते, आणि टायपिंगची परीक्षा पास झाल्यामुळे जगात आता शिकण्यासारखं फारसं उरलं नाही अशी समजूत. असली मुलगी मान फार सुरेख डोलावते.

विषाचं प्रकरण असं होतं. ज्या कारखान्यात वीस माणसं कामाला, तिथे फंड लागू. फंड म्हणजे प्रॉव्हिडंट फंड; आमच्याकडे एवढं लांब नाव कुणी घेत नाही. कामगाराच्या पगारातून थोडं कापायचं, मालकाने आपल्या पदरचं घालायचं, आणि काम सुटल्यावर ते त्या माणसाच्या म्हातारपणाला. पेन्शन मिळते ती त्यातूनच. पण माणसं एकोणीस असली तर मालक मोकळा. म्हणजे विसावा माणूस दारातून आत आला की आधीच्या एकोणिसांना म्हातारपण येतं, अशी कायदा करणाऱ्यांची समजूत असावी. तोवर ते एकोणीस जण बहुतेक तरुणच राहतात.

आमच्या शेडमध्ये पन्नासच्या वर माणसं होती. छप्पर एक, भोंगा एक, मालक एक आणि संडासही एकच. पण कंपन्या तीन. एक मालकांच्या आईच्या नावाने, दुसरी बायकोच्या, तिसरी सुनेच्या. तिघींपैकी एकीनेही आयुष्यात माग जवळून पाहिला नव्हता. तीन कंपन्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून साहेबांनी शेडमध्ये कमरेएवढ्या दोन भिंती घालून घेतल्या होत्या. कमरेएवढ्याच का, तर वर बांधायच्या तर विटा जास्त लागतात. एका भिंतीवर निळा पट्टा, दुसरीवर हिरवा.

नरसय्या नावाचा आमचा एक विणकर होता. तेलुगू माणूस, जन्म सोलापूरच्या पूर्व भागातला, जिभेला सरळ बोलणं माहीत नाही. त्याचा एक माग निळ्या पट्ट्याच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे. दिवसभर तो लुंगी सावरत भिंत ओलांडायचा.

"सायेब, मी कुटल्या कंपनीत हाय?" त्याने एकदा विचारलं.

"ज्या बाजूला पाय आहे त्या," कट्टीमनीसाहेब म्हणाले.

"येक पाय हिकडं हाय, येक तिकडं हाय की."

"मग तू पाहुणा."

साहेब विनोद करत नव्हते. एकोणिसावर जी माणसं उरत, त्यांना कारखान्यात पाहुणेच म्हणत. पाहुण्यांना काम सगळ्यांइतकंच, फक्त मस्टरवर नाव नाही. फंडाचे इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की पाहुण्यांची रवानगी मागच्या गल्लीत चहाला. एकदा मात्र इन्स्पेक्टर न सांगता उगवले. साहेबांनी नरसय्याला घाईघाईने संडासात लपवलं. पण आत किती वेळ उभा राहणार? धागा तुटल्याचा आवाज आला आणि तो सवयीने बाहेर येऊन मागावर उभा राहिला.

"हे कोण?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पाहुणे आहेत, साहेब."

"पाहुणे माग चालवतायत?"

"सोलापूरला आलेल्या पाहुण्याला माग बघायची हौस असते, साहेब. एकेकाला चालवायचीही असते."

इन्स्पेक्टर नरसय्याकडे वळले. "कुठून आलात?"

नरसय्याने विचार केला आणि खरं ते सांगितलं. "आत्ता संडासातनं आलो की सायेब."

इन्स्पेक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं जेवण झालं, आणि जाताना त्यांच्या स्कूटरला टॉवेलांचा गठ्ठा बांधण्यात आला. साहेब मला म्हणाले, "बघितलंस? माणसाने तोंड गोड ठेवावं." तोंड तिखट केलं होतं ते चटणीने, पण मी मान डोलावली.

दिसायला साहेब अगदी सोवळे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातसुद्धा लावलेलं. सोलापूरचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला त्या बटणाचं मोल कळेल. खुर्चीवर पूर्ण कधी बसत नसत, कडेवर टेकत. मालकांनी हाक मारली तर उठायला वेळ जाऊ नये म्हणून. मालकांचा फोन आला की आधी उभे राहायचे, मग रिसिव्हर उचलायचे, आणि बोलणं संपेपर्यंत उभेच. एकदा राँग नंबर होता. तरी उभेच होते. मला ते सगळं फार भारदस्त वाटायचं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगायची, "निष्ठा म्हणजे काय ते आमच्या साहेबांकडून शिकावं." नवरा बिचारा गरीब, त्याने कधी विचारलं नाही की निष्ठा कुणाशी.

कामगारांनी फंडाचं नाव काढलं की साहेबांचा आवाज आणखी हळू व्हायचा. "सरकारच्या डब्यात कशाला टाकतोस बाबा? हातात घे. हातातलं ते आपलं." आणि खोटं कशाला सांगू, 'हातात' हा शब्द कामगारांनाही आवडायचा. गड्ड्याच्या जत्रेला पोरांना न्यायचं असतं, भाडं द्यायचं असतं. म्हातारपण लांब असतं आणि घरमालक दारात. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. माणसाची आजची गरज पुढे करून त्याचं उद्याचं काढून घ्यायचं, हे काम ते जिलेबी वाढल्यासारखं करायचे.

तिन्ही कंपन्यांची मस्टरं मीच टाईप करायची. एकदा माझ्या लक्षात आलं की ह्या सगळ्यांत कट्टीमनी हे नाव कुठेच नाही.

"साहेब, तुमचं नाव राहिलं," मी म्हटलं.

साहेब असे हसले, जणू मी त्यांना वय विचारलं होतं. "माझं नाव कशाला? मी घरचा माणूस."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचा पगार कारखान्यातून होत नसे. तो मालकांच्या घरून मालकीणबाईंच्या हातून मिळे, पाकिटात, वर शेंगदाण्याचे दोन लाडू. दिवाळीला ते मालकांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत, बाकीचे अंगणात. आणि मालकांनी त्यांना शब्द दिला होता: "शिवप्पा, तू आहेस तोवर तुझं ताट आमच्याकडे." हे वाक्य सांगताना साहेबांचे डोळे भरून आले. पन्नास माणसांचं म्हातारपण त्यांनी भिंती घालून अडवलं होतं आणि स्वतःचं त्या एका वाक्यावर ठेवलं होतं. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे. ना फंड, ना पेन्शन, ना कागदावर नाव. मला हे ऐकून काय वाटावं? मला हेवा वाटला.

तो हेवा देवाने लवकरच ऐकला. कारखान्यात एक नवा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, आला, आणि तो मस्टरवर नाव घेतल्याशिवाय कामाला हात लावेना. मग कुणाला तरी काढणं आलं. साहेबांनी मला बोलावलं. चक्क खुर्ची दिली.

"शालिनी, मालकांनी आजपासून तुला घरची मानलंय."

मी नवी पेठ गाठली आणि पेढे आणले. माझं नाव मस्टरवरून कमी झाल्याचे पेढे! जरीची साडी नेसून, दोन्ही भिंती ओलांडत, तिन्ही कंपन्यांत वाटले. आज आठवलं की वाटतं, त्या बयेला पकडून दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं. पण ती तोरा मिरवत पुढे गेली असती.

नरसय्याने पेढा तोंडात टाकला. "पगार वाढला काय ताई?"

"नाही हो. मस्टरवरून नाव काढलं माझं. मी आता घरची."

तो चावायचा थांबला. "मग परत घालनार कवा?"

उरलेले पेढे मी घरी नेले. माझी सासू मंगळवेढ्याकडची. शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि माझं तोंड रोज बघावं लागतं म्हणून खट्टू. तिने पेढा हातात घेऊन सगळं ऐकून घेतलं आणि मग डब्यात परत ठेवून दिला.

"घरची म्हंजी काय गं?"

"म्हणजे त्यांच्या घरातल्यासारखी. आपुलकीची."

"आगं भवाने, मी ह्या घरात घरचं मानूस होऊन हाडं झिजवली. कुनी पगार दिला मला? रजा दिली? आजारी पडले तर म्हनले, ऊठ, च्या टाक." तिने डब्याचं झाकण लावलं. "घरच्याला कुनी काय देत न्हाय. तू मला घरचीच हायेस, म्हनून सांगते. परक्याची हो. जा, नाव घालून ये."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभी राहिले आणि मान न डोलवता म्हटलं की माझं नाव परत घाला. साहेब खरोखर घाबरले. "अगं, वीस होतील!"

"होऊ दे."

"मालकांना काय सांगू?"

"सांगा की शालिनीला परकं व्हायचंय."

नाव काही परत गेलं नाही. मीच गेले. औषधांच्या एका डेपोत नोकरी मिळाली, तिथे पहिल्या पगारापासून फंड कापायला लागले आणि मी पहिल्या पगारापासून कुरकुर करायला लागले, कारण मीही 'हातात' वालीच होते, माझ्या सासूची अक्कल माझ्यात कुठून येणार? कारखाना सोडताना साहेब दारापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "तिथे कापून घेतील गं तुझे. जप." त्यांना माझी मनापासून कीव वाटत होती. लबाड माणसाचा राग धरता येतो. स्वतःच्या लबाडीवर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

पुढचं मला नरसय्याने सांगितलं, मंगळवार बाजारात, वांगी निवडता निवडता. मालक वारले. मुलगा शिकून आलेला. त्याने जुने माग भंगारात काढले आणि टेंभुर्णीच्या बाजूला हायवेला नवीन मशीन टाकली. भिंतीही गेल्या. जुनी माणसं शाल, नारळ आणि टॉवेल घेऊन घरी गेली. जन्मभर टॉवेलच विणलेली माणसं, पण टॉवेल सोडून त्यांना दुसरं काय द्यावं हे सुचलं नाही कुणाला. शेवटी कट्टीमनीसाहेब नव्या मालकाच्या बंगल्यावर गेले आणि थोरल्या मालकांचा शब्द सांगितला.

"मग? काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हनला, काका, तुमचं नाव कुटंच न्हाय. मी कशाच्या नावानं देऊ? ऑडिटवाले इचारतात."

"आणि ताट?"

"दिलं की! जेवायला बसवला. पुरी, बासुंदी. पोटभर. ताट दिलं, शब्द फिटला." नरसय्याने एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "वर रिक्षाचं भाडं पन दिला म्हनं."

मी त्या दिवशी घरी येऊन वांग्याचं भरीत केलं आणि चवीने खाल्लं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल, पण मला आनंद झाला होता. नरसय्या स्वतः उतारवयात दुसऱ्याच्या दुकानात बसून चादरींच्या घड्या घालत होता. त्याच्या घड्यांचा हिशेब कुणी देणार होतं का? माझं तोंड साहेबांसाठी कडू का व्हावं?

आणि साहेब काही उपाशी मेले नाहीत. त्यांना त्यांच्या बायकोने सांभाळलं. महादेवीबाई. इतक्या वर्षांत हे नाव साहेबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, कारण त्या विड्या वळायच्या. हेडक्लार्कची बायको विड्या वळते हे बाहेर कळलं तर विभूतीचे पट्टे पुसट झाले असते. घरात पानाचा वास येतो म्हणून साहेब कुणाला घरी बोलवत नसत. पण विडी कारखान्यात बाईंचा फंड कापला जायचा. साहेब रोज रात्री म्हणायचे, "कशाला कापून घेतेस? हातात घे." बाई म्हणायच्या, "हातात तंबाखू हाय." म्हातारपणी बाईंना पेन्शन लागली, आणि त्या पेन्शनवर दोघांचं घर चालू लागलं. चालू लागलं म्हणजे लंगडत. ह्या पेन्शनीत काय येतं हे मला विचारा, मी घेते. औषधांच्या गोळ्या आणल्या की ती संपते, आणि गोळ्या घेतल्या नाहीत तर आपण संपतो.

आता टीव्हीवर टाय लावलेली माणसं सांगत असतात की निवृत्तीची बचत तरुणपणीच सुरू करा. ऐकून मला हसू येतं. अहो, बचत करायला आधी माणूस कुठेतरी लिहिलेला लागतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्याने कुठल्या पायाने बचत करायची? माझं म्हणणं फार मोठं नाही. डोकी मोजायची तर एकापासून मोजा. ज्या दुकानात एकच पोरगी चादरीच्या घड्या घालते, तिचीही कंबर पुढे दुखणार आहे. तिथेही फंड हवा, आणि पेन्शन एवढी हवी की म्हातारा माणूस गोळी की भाजी असं दुकानात उभं राहून ठरवणार नाही. हे मी एका पुढाऱ्याला लग्नात गाठून सांगितलं. तो म्हणाला, "आजी, अभ्यास चालू आहे." आमच्यातला एकेक विद्यार्थी मरतोय, ह्यांचा अभ्यास चालूच.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण मेलेलो नाही हे पटवून द्यावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. मी त्या रांगेत होते. माझ्यापुढे एक वाळकी बाई खुर्चीत बसलेली, आणि तिच्या मागे वरचं बटण लावलेला एक म्हातारा. मी ओळखलं. त्यांनी ओळखलं नाही. त्यांची नजर सगळी बाईंवर.

आधी अंगठा झाला. विड्या वळून वळून बाईंच्या अंगठ्यावरच्या रेघा पुसून गेलेल्या. मशीन घेईना. साहेब रुमालाने तो अंगठा पुसत होते, त्यावर फुंकर घालत होते, पुन्हा टेकवत होते.

"जोरात दाब की."

"री, हात सोडा. बोट मोडंल." नवऱ्याला त्या कानडी वळणाने 'री' म्हणत, म्हणजे 'अहो'.

खिडकीतला कारकून कंटाळला. "राहू द्या. चेहरा घेतो मोबाइलवर. आजी, इकडे बघा आणि डोळे मिटून उघडा."

बाईंनी मोबाइलकडे असं रोखून पाहिलं की तोच डोळे मिटेल असं वाटलं.

"पापणी हलवा, आजी. त्याशिवाय जिवंत आहात हे त्याला कळत नाही."

"हलव की गं!" साहेबांचा आवाज फाटला. तो हळू आवाजाचा माणूस ओरडला. "महादेवी, हलव! ती जिवंत आहे हो साहेब, सकाळी भाकरी खाल्लीय तिने, मी बघितलंय!"

"आयुष्यभर डोळं उघडं ठिवलं म्हनून पेन्शन हाय," बाई म्हणाल्या. "आता मिटा म्हनतेत." आणि मिटले. उघडले. मोबाइल टिंग असा वाजला.

"झालं," कारकून म्हणाला. "वर्षभर काळजी नाही. आता आजोबा, तुमचं. बसा."

बाई उठल्या. मला वाटलं साहेब नाही म्हणतील. पण कुणीतरी बसा म्हटलं होतं, आणि साहेबांचं सगळं आयुष्य सांगितलेलं ऐकण्यात गेलं होतं. ते खुर्चीत बसले, कडेवर नाही, पूर्ण बसले. विस्कटलेले केस हाताने नीट केले. समोर बघून डोळे मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले.

"पेन्शनचा नंबर सांगा."

साहेब मोबाइलकडे बघत राहिले. पापण्या हलत होत्या.

"आजोबा, नंबर?"

महादेवीबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "उठा री," त्या हळूच म्हणाल्या. "ह्या बाईंला बसू द्या."

मी बसले. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी एक टोमणा घासून पुसून ठेवला होता, तो तोंडात घेऊनच बसले. दारातून दोघं दिसत होती. पायरीवर कुणाच्यातरी बाटलीतलं पाणी सांडून ओल झालेली. साहेब पुढे झाले, खिशातला रुमाल काढून खाली वाकले, आणि बाईंचा पाय जिथे पडणार होता तेवढी पायरी कोरडी करू लागले. बाई वर उभ्या राहून घाई करत होत्या. ते म्हणत होते, "थांब, थांब, सावकाश."

"आजी," कारकून मला म्हणाला, "तिकडे नाही, इकडे बघा. आणि डोळे मिटा जरा."